नव्याण्णव सेंटांचें गाणें

आमच्या घरीं वडिलांच्या वेळची ध्वनिमुद्रिकांची एक लांकडी पेटी होती. जाड, काळ्या तबकड्या. कांहींच्या कडा उडालेल्या, कांहींचीं कागदी वेष्टनें विरून गेलेलीं. गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या घरीं आला असतां त्याची नजर तिच्यावर गेली. त्यानें ती मागितली व आम्हीं ती आनंदानें दिली. देतांना कोणाची परवानगी घेतली पाहिजे असें आमच्या किंवा त्याच्या मनांतहि आलें नाहीं. वडिलांनीं रोख पैसे मोजून तबकड्या घेतल्या. त्या त्यांच्या झाल्या, त्यांच्या पश्चात् आमच्या झाल्या, आतां पुतण्याच्या झाल्या. इतका हा सरळ व्यवहार.

पेटी मोटारींत चढविली जात असतांना आमची कन्या सहज म्हणाली, "बाबा, संगणकावर पैसे भरून तुम्हीं गाणीं उतरवून घेतलींत, तीं कोणाला देणार?" गेल्या बारा-चौदा वर्षांत एका परदेशी दुकानांतून आम्हीं शे-दीडशे गाणीं अशा रीतीनें घेतलीं आहेत व प्रत्येकाचे दाम चोख मोजले आहेत. "ज्याला हवीं त्याला," असें उत्तर आम्हीं दिलें खरें, परंतु मनांत शंका राहिली. म्हणून त्या दुकानाचा करारनामा काढला. तो आम्हीं पूर्वीं कधीं वाचलेला नव्हता. वाचकांपैकीं कोणीं वाचला असेल तर त्यांस आमचा नमस्कार असो. इंग्रजी गद्य शिकविण्यांत आयुष्याचीं तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास तो समजून घेण्यास दोन संध्याकाळ लागल्या. निष्पन्न झालें तें असें: ज्या बटनावर 'विकत घ्या' असें ठळक अक्षरांनीं लिहिलें होतें, त्या बटनामागें विक्री नव्हती. आम्हांस गाणें मिळालें नव्हतें. तें ऐकण्याचा परवाना मिळाला होता, आणि तोहि आमच्या एकट्याच्या नांवाचा.

ही घरगुती हकीकत येथें सांगण्याचें कारण असें कीं, डाउनलोडच्या धंद्यांत गाण्याची किंमत किती असावी आणि तींतून कर्त्यास किती मिळावें, या विषयावर अमेरिकेंत गेल्या वीस-बावीस वर्षांत पुष्कळ वाद झाला आहे. परंतु तो वाद वाचतांना आम्हांस एकसारखें असें वाटत आलें कीं, मंडळी सेंटांवर भांडत आहेत आणि शब्दाकडे कोणाचें लक्ष नाहीं. आम्ही कायदेपंडित नव्हे आणि व्यापारीहि नव्हे. शब्दांचे अर्थ तपासणें हा मात्र आमचा पोटाचा धंदा आहे, व तेवढ्याच अधिकारानें आम्ही पुढील चार गोष्टी लिहीत आहों.

प्रथम किंमतीची कथा. २८ एप्रिल २००३ रोजीं ॲपल कंपनीनें अमेरिकेंत आपलें संगीताचें दुकान उघडलें. त्यांत आरंभीं २,००,००० गाणीं होतीं व प्रत्येकाची किंमत ९९ सेंट, म्हणजे डॉलरास एक सेंट कमी. आमच्या लहानपणीं बाटाच्या दुकानांत जोड्यांच्या किंमती अशाच शेवटीं नव्याण्णवावर येऊन थांबलेल्या असत आणि वडील त्यांवर दर खेपेस तोच विनोद करीत. पहिल्याच आठवड्यांत १०,००,००० गाणीं खपलीं. हा खप नीट समजावयाचा तर त्यापूर्वींचीं चार वर्षें डोळ्यांपुढें आणावीं लागतात. १९९९ सालीं नॅप्स्टर निघालें आणि कोट्यवधि तरुण एकमेकांचीं गाणीं फुकट उतरवून घेऊं लागले. २००१ सालीं न्यायालयाच्या हुकुमानें तें बंद पडलें, परंतु फुकटाची चटक कांहीं हुकुमानें बंद पडत नाहीं. तेव्हां ॲपलपुढें प्रश्न असा नव्हता कीं, गाण्यास योग्य मोल काय. प्रश्न असा होता कीं, चोरी करण्याचा त्रास वांचविण्यासाठीं मनुष्य किती पैसे देईल. ९९ सेंट हें त्या प्रश्नाचें उत्तर होतें. तें व्यापारी दृष्ट्या अचूक ठरलें हें कबूल केलें पाहिजे. फेब्रुवारी २०१३ पर्यंत त्या दुकानानें २५ अब्ज गाणीं विकलीं. पण ज्या किंमतीचा जन्म चोराच्या भीतींतून झाला, ती पुढें जणुं निसर्गनियमच असल्याप्रमाणें मानली गेली आणि तिच्या आंत ज्याला जसें बसेल तसें त्यानें बसावें, असा न्याय सुरू झाला.

आतां आंत कोण कसें बसलें तें पाहूं. ९९ सेंटांपैकीं सुमारें ७० सेंट ध्वनिमुद्रण कंपनीकडे जात व उरलेले दुकानाकडे राहत. दुकानाच्या वांट्यांतून बँकेच्या कार्डाचा आकार, यंत्रांचा खर्च, नोकरांचे पगार हें सर्व वजा व्हावयाचें. कंपनी आपल्या ७० सेंटांतून ९.१ सेंट गाण्याच्या कर्त्याकडे, म्हणजे गीतकार व संगीतरचनाकार यांच्याकडे, पोंचवी; तेहि सामान्यतः प्रकाशकाच्या हातून, व प्रकाशक आपला हिस्सा, पुष्कळदां अर्धा, ठेवून घेई. उरल्यांतून गायकाचा वांटा त्याच्या कराराप्रमाणें. हे करार तबकड्यांच्या काळांत घडलेले. त्यांत वेष्टनाचा खर्च आणि फुटतुटीची भरपाई गायकाच्या हिशेबांतून कापून घेण्याचीं कलमें असत. शेलाकची तबकडी फुटे हें आम्ही स्वानुभवानें जाणतों. परंतु तारेवरून येणाऱ्या गाण्यास वेष्टन कसलें, आणि तें फुटतें कोठें? ऑलमन ब्रदर्स व चीप ट्रिक या वाद्यवृंदांनीं २००६ सालीं सोनी कंपनीवर जो दावा लावला, त्यांत त्यांची तक्रार हीच होती कीं, डाउनलोडच्या हिशेबांतहि वेष्टन आणि फुटतूट हीं दोन्ही कापलीं जातात, आणि जेथें गाण्यामागें सुमारें ३० सेंट यावयास हवे तेथें अवघे साडेचार येतात. तो दावा पुढें तडजोडीनें मिटला. त्यांतील तिसाचा आंकडा कसा आला याकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

मध्यंतरीं त्या ९.१ सेंटांचें कूळ पाहणें मनोरंजक होईल. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत आपोआप वाजणाऱ्या पियानोची मोठी लाट आली होती. कागदाच्या लांब गुंडाळीला भोंकें पाडलेलीं असत, ती यंत्रांत घातली कीं पियानो वाजूं लागे. गाण्याच्या मालकांनीं फिर्याद केली कीं, ही आमच्या गाण्याची नक्कलच आहे. १९०८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, ही नक्कल नव्हे. कारण भोंकें पाहून कोणा मनुष्यास गाणें वाचतां येत नाहीं. न्यायाधीशांचें हें तर्कशास्त्र ऐकून हंसूं येतें, परंतु कायद्याच्या शब्दांशीं तें प्रामाणिक होतें, आणि कायदाच चुकत असेल तर तो बदलणें हें कायदेमंडळाचें काम, असें न्यायालयानें सुचविलेंहि. कायदेमंडळानें १९०९ सालीं तो बदलला. मात्र त्याच सुमारास इओलियन नांवाची एक मोठी कंपनी प्रकाशकांशीं आधींच करार करून बसली होती. नक्कल करण्याचा हक्क कर्त्यास मिळाला असता तर तो सगळा एका घरांत जाऊन पडला असता. मक्तेदारीच्या या भयानें कायद्यांत एक विलक्षण तोड घालण्यांत आली. एकदां एखादें गाणें यंत्रासाठीं मुद्रित झालें कीं, पुढें कोणीहि तें मुद्रित करावें. कर्त्यानें नाहीं म्हणावयाचें नाहीं. मात्र प्रत्येक प्रतीमागें त्यास २ सेंट द्यावे.

हे २ सेंट १९०९ सालीं ठरले आणि १९७७ अखेरपर्यंत २ सेंटच राहिले. या अडुसष्ट वर्षांत दोन महायुद्धें झालीं, एक महामंदी येऊन गेली, पावाची, घराची, जोड्याची किंमत कितीपट झाली; गाण्याच्या कर्त्याची मजुरी तेवढी कायद्याच्या खुंटीला टांगलेली. १९७८ पासून ती पावणेतीन सेंट झाली, मग हळूहळू चढत २००६ सालीं ९.१ सेंटांवर आली. ढोबळ हिशेबानें १९०९ चे २ सेंट म्हणजे २००८ सालचे चाळीसांहून अधिक. म्हणजे शंभर वर्षांत वाढ झाली कीं घट, हें वाचकांनींच ठरवावें. या दरास एक पुस्तीहि जोडलेली होती: पांच मिनिटांहून लांब रचनेस मिनिटामागें १.७५ सेंट. आमच्यासारख्या ख्याल ऐकणाऱ्यांस यांत एक गंमत दिसते. तासाभराचा ख्याल या नियमांत बसविला तर कर्त्याचे १०५ सेंट होतात, म्हणजे गाण्याच्या किंमतीपेक्षां कर्त्याचा वांटाच मोठा. सुदैवानें आमच्या बहुतेक बंदिशींचे कर्ते कधींच स्वर्गवासी झालेले असल्यामुळें हा पेंच कोणावर येत नाहीं.

२००७-०८ सालीं हा दर ठरविणाऱ्या तीन न्यायाधीशांच्या मंडळापुढें मोठी सुनावणी झाली. डाउनलोडवर प्रकाशकांनीं ९.१ चे १५ सेंट मागितले. दुकानदारांच्या संघानें तो ४.८ वर आणावा असें म्हटलें. ॲपलच्या वतीनें एडी क्यू यांनीं जें निवेदन दिलें, त्याचा आशय असा होता कीं, हा वाढीव भार आमच्यावर पडला तर दुकान तोट्यांत जाईल, आणि तोट्यांत दुकान चालविण्याची आमची इच्छा नाहीं. ही धमकी वर्तमानपत्रांतून गाजली. २ ऑक्टोबर २००८ रोजीं मंडळानें ९.१ चाच दर कायम केला, आणि दुकान अर्थातच बंद झालें नाहीं.

या वादांत ॲपलची बाजू आम्हांस सर्वांत लटकी वाटते. ७० सेंट कंपनीकडे जातात आणि कर्त्याचे पैसे त्या ७० मधून दिले जातात. मग सहा सेंटांची वाढ दुकानावरच कां पडावी? कंपनीवर कां नाहीं? किंवा ९९ चे १०५ कां होऊं नयेत? याला उत्तर एवढेंच कीं, ९९ हा आंकडा पवित्र होता. आणि तो पवित्र कां होता, हें ॲपलनें कधीं लपविलें नाहीं: दुकानांतून फारसा नफा मिळत नाहीं, नफा मिळतो तो आयपॉड या यंत्रावर, असें ती कंपनी स्वतःच सांगत असे. म्हणजे गाणें हें दुकानांतील माल नसून दारावरचें तोरण होतें. कोणी व्यापारी तोरण स्वस्त लावतो यांत गैर कांहीं नाहीं. परंतु फुलवाल्यानें फुलें त्या हिशेबानें द्यावीं, असा आग्रह त्यानें धरूं नये.

प्रकाशकांची बाजू न्यायाची, पण तीहि अगदीं निर्मळ नव्हे. त्यांनीं गरीब बिचाऱ्या गीतकाराचें चित्र पुढें धरलें, आणि वाढलेल्या सहा सेंटांपैकीं प्रकाशकांच्या तिजोरींत किती राहतील याचा उच्चार शक्य तितका हळू केला. शिवाय त्याच निकालांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती वाचून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध बसलों. टेलिफोनची घंटा म्हणून जो गाण्याचा तुकडा विकला जाई, त्यावर मंडळानें कर्त्यास २४ सेंट ठरविले. संपूर्ण गाण्यास ९.१ आणि त्याच गाण्याच्या तुकड्यास २४! कारण उघड होतें. घंटेचा तुकडा बाजारांत अख्ख्या गाण्याहून पुष्कळ महाग विकला जाई. तिला चोराची भीति कमी, आणि टेलिफोनवाल्यांच्या मासिक बिलांत ती सहज चढविली जाई. यावरून एवढें सिद्ध होतें कीं, कर्त्याचा वांटा गाण्याच्या गुणावर, श्रमावर किंवा लांबीवर ठरत नव्हता. तो दुकानदारास काय परवडतें यावर ठरत होता.

ठरावीक सेंट बरे कीं शेंकडेवारी बरी, हाहि प्रश्न त्या वेळीं निघाला होता. येथें आमचें मत सहसा ऐकूं येणाऱ्या मताहून जरा वेगळें आहे. शेंकडेवारी ही दिसावयास न्याय्य दिसते. धंदा वाढला तर सर्वांचा वाढला. परंतु ज्याच्या हातीं किंमत ठरविण्याची सत्ता नाहीं, त्यानें किंमतीच्या हिश्शावर विसंबूं नये. दुकानदार उद्यां यंत्र खपविण्यासाठीं गाणें दहा सेंटांस देईल. तेव्हां कर्त्यास काय सवा सेंट द्यावयाचा? ठरावीक दरानें कर्ता या खेळापासून बचावतो. मात्र उलट बाजूहि खरी आहे, व ती लवकरच दिसून आली. एप्रिल २००९ पासून ॲपलच्या दुकानांत ६९, ९९ आणि १२९ सेंट अशा तीन किंमती आल्या. ही कंपन्यांचीच जुनी मागणी होती. ॲपलनें ती मान्य केली व त्याच वेळीं गाण्यांवरील प्रतिबंधाचीं कुलुपें काढून टाकलीं. जीं गाणीं लोकप्रिय तीं १२९ वर गेलीं. पूर्वीं कर्त्यास शेंकडा ९ हून किंचित् अधिक मिळत होते, तेथें आतां शेंकडा ७ मिळूं लागले. वाढीव तीस सेंटांतून त्यास एक सेंटहि नाहीं. म्हणजे भाव पडतांना छत्री आणि भाव चढतांनाहि छत्री. पावसाचा थेंब अंगावर पडावयाचाच नाहीं. आमच्या मतें ठरावीक दर हा तळ म्हणून ठेवून वर शेंकडेवारी असावी. परंतु हा मध्यम मार्ग गाण्याच्या डाउनलोडला कधीं लाभला नाहीं.

आतां त्या ३० सेंटांच्या आंकड्याकडे, म्हणजेच 'विक्री' या शब्दाकडे वळूं. गायकांच्या करारांत दोन निरनिराळीं कलमें असत. तबकडी विकली गेली तर गायकास किंमतीच्या शेंकडा बारापासून विसापर्यंत, कापाकापी होऊन. परंतु कंपनीनें मूळ मुद्रण दुसऱ्या कोणास परवान्यानें वापरावयास दिलें, उदाहरणार्थ चित्रपटासाठीं, तर आलेल्या रकमेचा अर्धा भाग गायकाचा. हा फरक योग्यच होता. परवान्यांत कंपनीस ना तबकडी घडवावी लागे, ना वेष्टन, ना वाहतूक. मग डाउनलोड कोणत्या कलमांत बसतें? कंपन्या म्हणाल्या, "ही विक्री." एमिनेम या गायकास पुढें आणणाऱ्या एफ्. बी. टी. या मंडळीनें आफ्टरमाथ कंपनीवर दावा लावून म्हटलें, "हा परवाना." २०१० सालीं अमेरिकेच्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानें कागदपत्रें पाहिलीं. कंपनीनें ॲपलला मूळ मुद्रण वापरण्याची मुभा दिली होती, मालकी स्वतःकडेच ठेवली होती, आणि एकहि तबकडी ॲपलच्या हातीं दिली नव्हती. अशा व्यवहारास जगाच्या पाठीवर परवाना म्हणतात, विक्री म्हणत नाहींत, असें न्यायालयानें ठरविलें. पुढें वरिष्ठ न्यायालयानेंहि त्यांत हात घालण्याचें नाकारलें.

वाचकांनीं आतां एकाच गाण्याचा प्रवास पाहावा. गायकाच्या हिशेबवहींत कंपनी लिहिते, 'विकलें'. कंपनी आणि दुकान यांच्यामधील कागदांत लिहिलें आहे, 'वापरावयास दिलें'. दुकानाच्या बटनावर लिहिलें आहे, 'विकत घ्या', आणि त्याच दुकानाच्या करारनाम्यांत, 'वापरावयास दिलें'. चार कागद, एक गाणें, दोन क्रियापदें. आणि दर वेळीं जें क्रियापद निवडलें गेलें तें ज्याच्या हातीं लेखणी त्याच्या सोयीचें. आमच्या खेडेगांवांतील निरक्षर शेतकरीहि खरेदीखत आणि भाडेपट्टा यांत घोटाळा करीत नाहीं. जमीन खंडानें केली कीं घेतली हें तो रात्रीं झोपेंतून उठवलें तरी सांगेल. मग एवढ्या शहाण्या, साक्षर, वकिलांनीं वेढलेल्या धंद्यास या दोन शब्दांतील भेद कळत नसेल असें मानणें हा त्याच्या बुद्धीचा अपमान होईल.

ग्राहकाच्या बाजूनें हा भेद किती खोल आहे, तेंहि पाहण्यासारखें आहे. त्याच १९०८ सालीं, ज्या वर्षीं पियानोच्या गुंडाळीचा निकाल लागला, त्याच न्यायालयापुढें एका कादंबरीचा खटला आला होता. प्रकाशकानें पुस्तकांत छापलें होतें कीं, हें १ डॉलरहून कमी किंमतीस विकणें हा हक्कभंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसी यांच्या दुकानानें तें ८९ सेंटांस विकलें. न्यायालय म्हणालें, पुस्तक एकदां विकलें कीं प्रकाशकाची सत्ता संपली. घेणारानें तें पुढें वाटेल त्या किंमतीस विकावें. या निकालावर जुन्या पुस्तकांचीं दुकानें, वाचनालयें आणि आमच्या वडिलांच्या पेटीसारख्या पेट्या शंभर वर्षें तरल्या. परंतु रीडिजी नांवाच्या एका कंपनीनें २०११ सालीं डाउनलोड केलेलीं जुनीं गाणीं पुन्हां विकण्याचा बाजार मांडला, तेव्हां २०१३ सालीं खालच्या न्यायालयानें व २०१८ सालीं वरच्यानें तो अवैध ठरविला. कारण असें दिलें कीं, गाणें एका संगणकावरून दुसऱ्यावर जातें तेव्हां वस्तु हलत नाहीं, नवी प्रत निर्माण होते. तर्क बिनतोड आहे. पण त्याचा परिणाम एवढाच कीं, आम्हीं जें विकत घेतलें तें आम्हांस विकतां येत नाहीं. आणि जें विकतां येत नाहीं तें विकत घेतलें होतें असें म्हणणें मराठींत तरी कठीण आहे.

आमच्याकडे काय झालें? डाउनलोडचा धंदा येथें फार दिवस जगलाच नाहीं. फ्लिपकार्टनें फेब्रुवारी २०१२ मध्यें 'फ्लाइट' नांवाचें दुकान उघडलें, गाणें सहा रुपयांपासून पंधरा रुपयांपर्यंत. जून २०१३ मध्यें तें बंद झालें. सहा रुपयांस वाटीभर चहाहि मिळत नाहीं, तरी फुकटापुढें तेहि महाग पडले. परंतु शब्दाचा प्रश्न येथेंहि उठला, आणि तो आमच्याच मुंबईच्या उच्च न्यायालयांत. एअरटेलच्या विंक या सेवेनें म्हटलें कीं, आकाशवाणीस जशी कायद्यानें ठरलेल्या दरानें गाणीं वाजविण्याची मुभा आहे तशी आम्हांसहि असावी. टिप्स या कंपनीनें त्यास हरकत घेतली. एप्रिल २०१९ मध्यें न्यायालयानें सांगितलें कीं, ती मुभा आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांच्यापुरती आहे; पैसे घेऊन गाणें कायमचें उतरवून घेऊं देणें ही विक्री आहे, ठरावीक काळापुरतें देणें हें भाड्यानें देणें आहे, आणि दोहोंसहि मालकाची संमति पाहिजे. २०२२ सालीं तोच निकाल कायम झाला. गंमत अशी कीं, अमेरिकेंत जी गोष्ट गायकाच्या हितासाठीं विक्री नव्हे असें ठरलें, तीच मुंबईंत कंपनीच्या हितासाठीं विक्री आहे असें ठरलें. दोन्ही निकाल आपापल्या कायद्यांत सुसंगत आहेत, दोन्हींमध्यें प्रश्नहि वेगळे होते. पण 'विक्री' या शब्दाचे हाल मात्र दोन्हीकडे सारखेच झाले.

एक गोष्ट आपल्या कायद्याच्या बाजूनें सांगितली पाहिजे. २०१२ सालच्या दुरुस्तीनें, जिच्यासाठीं राज्यसभेंत जावेद अख्तर यांनीं विशेष खटपट केली, गीतकार व संगीतकार यांस असा हक्क मिळाला आहे कीं, चित्रपटगृहाबाहेर त्यांच्या रचनेचा जो उपयोग होईल त्यावरील रॉयल्टींत त्यांचा समान वांटा राहील, व तो त्यांनीं कोणाच्या नांवें लिहून दिला तरी तें लिहून देणें निरर्थक होईल; तो जावयाचा तर वारसास किंवा कर्त्यांच्या संस्थेस. गरजू मनुष्य कोणत्याहि कागदावर सही करतो, हें ओळखून केलेला हा कायदा आहे. अमेरिकेच्या शंभर वर्षांच्या सेंटमोजणींत इतकी माणुसकीची गोष्ट आम्हांस आढळली नाहीं.

कंपन्यांच्या बाजूनें बोलणारे म्हणतील कीं, दहा गाण्यांत एक चालतें, नऊ बुडतात, त्या नऊंचा खर्च कोणी सोसावा? हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. मुद्रणालय, वादक, जाहिरात, नव्या गायकावर लावलेला पैसा, हें सर्व कंपनी सोसते, आणि तिनें नफा करूं नये असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. आमची तक्रार तिच्या वांट्याच्या आकाराबद्दल नाहीं. वांटा मोठा घ्यावयाचा असेल तर तो उघड नांवानें घ्यावा. न फुटणाऱ्या वस्तूच्या फुटतुटीच्या नांवानें घेऊं नये.

पुढची हकीकत थोडक्यांत संपते. अमेरिकेंत डाउनलोडचा खप २०१२ च्या सुमारास शिखरास पोंचला आणि मग ओसरला. लोक आतां गाणीं घेत नाहींत, महिन्याचें भाडें भरून ऐकतात. ९.१ सेंटांचा दर मात्र २००६ पासून हलला नव्हता. तो तसाच पुढें चालवावा असा समझोता मोठ्या कंपन्या व प्रकाशक यांनीं आपसांत करून आणला, त्यास खुद्द गीतकारांनीं हरकत घेतली, आणि मार्च २०२२ मध्यें मंडळानें तो फेटाळला. २०२३ पासून दर १२ सेंट झाला व पुढें महागाईप्रमाणें दरसाल वाढावा असें ठरलें. सतरा वर्षें थांबून वाढ मिळाली ती ग्राहक दुकानांतून उठून गेल्यावर.

बटनावरील शब्दाकडे मात्र कोणाचें तरी लक्ष गेलें. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें २०२४ सालीं एक कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलांत आहे. दुकानदारास परवाना द्यावयाचा असेल तर त्यानें 'विकत घ्या' असें नुसतें म्हणूं नये; हा परवाना आहे हें ग्राहकास ठळकपणें सांगावें. आमच्या कन्येनें हें वृत्त आम्हांस वाचून दाखविलें, तेव्हां आम्हांस बरें वाटलें. मग आम्हीं तो कायदा कोणत्या व्यवहारास लागू आहे तें पाहिलें. तो दुकान आणि ग्राहक यांच्यामधील बटनास लागू आहे. कंपनीनें गायकाच्या हिशेबवहींत कोणतें क्रियापद लिहावें, याविषयीं त्यांत एक ओळहि नाहीं.